बा खातं घेऊन निघाला

जबलपूर
१३ जानेवारी १९५७

बाई,

राम राम. हे पत्र तू स्वतः वाचशील या भरवशावर लिहितो आहे, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं काढलं. नागोराव मास्तर नागपूरला भेटले होते, ते सांगत होते की त्यांच्या प्रौढांच्या वर्गात मास्तरला उलट प्रश्न विचारणारी तू एकटीच आहेस. मला काही नवल वाटलं नाही.

आम्ही तिघं इथं ठीक आहोत. जंगलखात्याचं ऑफिस मोठं आहे. राज्यांच्या वाटणीत नागपूरहून आलेले आम्ही बरेच कारकून आहोत, सगळे आम्हाला 'नागपूरवाले' म्हणतात. राहायला एकच खोली आहे, पण उजेड आहे. रुपी भिंत धरून उभी राहते आणि पडली की भिंतीलाच मारते. तुझी भावजय जमनीही ठीक आहे, फक्त गव्हाच्या पोळ्या खाऊन ती वैतागली आहे. बाजारातून मी दोनदा ज्वारी आणून दिली, दोन्ही वेळा तिनं नाक मुरडलं. आपल्या वावरातली ती खरी, असं तिचं म्हणणं.

आता काम सांगतो. मी नागपूरला होतो तेव्हा दर महिन्याला बाला मनिऑर्डर करायचो ते तुला माहीत आहे. मला वाटायचं, बा त्यातून बैल घेईल, घरावर कवेलू टाकील. त्यानं एक पैसाही खर्च केला नाही. सगळं दारव्ह्याला पोस्टाच्या बँकेत ठेवलं, माझ्या आणि त्याच्या, दोघांच्या नावावर. ते खातं आता जबलपूरला बदलून घ्यायचं आहे. सोबत अर्ज पाठवला आहे. पैसे काढायला दोघांपैकी एक चालतो, खातं हलवायला दोघं लागतात. माझी सही केली आहे, बाचा अंगठा तेवढा पाहिजे. बाला नीट समजावून सांग की पैसे कुठं जात नाहीत, येत नाहीत. तिथला बाबू कागद पाठवतो, इथला बाबू नवं पुस्तक देतो, झालं. एक पैसा लागत नाही.

इथं लखीराम म्हणून एक भला माणूस आहे, तो घरापुरती जागा विकतो आहे. होळीपर्यंत थांबतो म्हणाला.

खरं विचारायचं ते शेवटी विचारतो. बा अजून रागावला आहे का? ऑफिसात विचारलं होतं, मुंबई राज्य पाहिजे की मध्यप्रदेश. इकडे बढती होती, मी त्याला न विचारता मध्यप्रदेश लिहून दिलं. दिवाळीत तो म्हणाला, 'जा. पण त्या मुलखात मी पाय ठेवणार नाही.' मी निघालो तेव्हा तो वावरात गेलेला होता. तसा तो त्या वेळी कधी वावरात जात नाही.

तुझा,
पूनमसिंग

•

तांडा, बोरी अरब
२९ जानेवारी १९५७

पूनम,

मास्तर म्हनते का लहान भावाले वर 'चिरंजीव' लिव्हा लागते. लिव्हलं समज. तुह्यं पत्र म्या सोता वाचलं. दोन सांजा लागल्या, पन कोनाच्या पाया नाही पडली. आपली घरची बोली मले लिव्हता येत नाही, मास्तरनं जे शिकवलं त्याच्यात लिव्हून राह्यली. हसू नको.

तू म्हनतं, नव्या राज्यात गेलो. अरे बाप्पा, आमी तं जागेवरून न हालता नव्या राज्यात गेलो. दिवाळीच्या आदल्या दिवशी सारा तांडा मुंबईवाला झाला म्हने. मुंबई कोनं पाह्यली? बैल तेच, विहीर तीच, तांड्याच्या नायकाची खाट बी तीच. मंग तुलेच काहून एवढं बिस्तर बांधून जा लागलं, थे मले कोनी सांगत नाही.

बाले पत्र वाचून दावलं. रुपीचं आलं तवा गालात हासला. खात्याचं आलं तसा उठला अन् गोठ्यात गेला. म्या मागं गेली. म्हटलं, 'बा, आंगठा देतं का?' तं म्हने, 'पोराची अमानत हाय. अमानत काय कागदात गुंडाळून पाठवत असते?' तुले त्याचा सोभाव मालूम हाय. आज्याची लदेणी त्यानं लहानपनी डोळ्यानं पाह्यली. बैलावर मिठाच्या गोण्या लादून तांडा मुलूखभर फिरे, ज्याचा माल त्याच्या हाती, मधात दुसरा हात नाही. हे आयकून आयकून आपले कान किटले. अन् तू त्याले सांगतं का बाबू कागद पाठवीन.

दुसरं बी आयक. त्याचं दुख पैशाचं नाही. मानूस भाड्यानं राह्यते तं परत येते. जागा घेतली का मंग तिकडचाच झाला. थो हे बोलला नाही, पन मी त्याची पोरगी हाय, मले समजते. मले बी तसंच वाटलं. तुह्यापाशी लपवून काय करू?

रुपीच्या पाळन्याची दोरी अजून आढ्याले हाय. म्या दोनदा काढाले गेली, काढू देत नाही. म्हने, राहू दे, कायले हात लावतं.

अर्ज पेटीत ठेवला हाय. जमनीले सांग, नाक मुरडू नको, मुरडून मुरडून तसंच राहीन.

तुही बाई,
रामी

•

जबलपूर
९ फेब्रुवारी १९५७

बाई,

तुझं पत्र ऑफिसात आलं, मी तिथंच वाचलं. शेजारचा कारकून विचारत होता, घरून वाईट बातमी आहे का म्हणून.

मी काही बाला सोडून दिलेलं नाही. एका खोलीत स्वैपाक, झोपणं, रुपीचं खेळणं, सगळं. उद्या बा आला, तू आलीस, तर कुठं निजाल? जागा घेतो ती याच्याचसाठी. आणि तू म्हणतेस तिकडचाच झाला. माझ्याकडून तुला हे वाटावं, बाई?

बाला पुन्हा एकदा समजाव. ही लदेणी नाही. सरकारचं पोस्ट आहे, इथून तिथवर एकच. राज्यं दोन झाली, पोस्ट एकच राहिलं. मधात कोणाचा हात लागत नाही. त्याला म्हणावं, मी दारव्ह्याच्या बाबूवर तुझ्याएवढाच विश्वास ठेवतो. नको, हे नको सांगू. याचा त्याला अजून राग येईल.

लखीराम परवा पुन्हा विचारून गेला. दुसरं गिऱ्हाईक आलं आहे, पण शब्द दिला आहे म्हणून थांबला. बाचा अंगठा नसेल मिळत तर सरळ तसं लिही. मी त्याला नाही म्हणून सांगतो आणि भाड्याच्या खोलीत राहतो. माझं काही जात नाही.

हे रागात लिहिलं आहे. पण पुन्हा लिहायला बसलो तर पत्र जाणारच नाही, म्हणून असंच टाकतो.

पूनम

•

तांडा
२२ फेब्रुवारी १९५७

पूनम,

हे पत्र भेटलं का पयले टेसनावर जा. बाकी मंग वाच.

बा निघाला. खातं घेऊन निघाला.

झालं असं का तुह्यं रागाचं पत्र म्या त्याले जसंच्या तसं वाचून दावलं. रागाचं बी वाचलं, 'उद्या बा आला तं कुठं निजन' थे बी वाचलं. थो म्हने, पुन्हा वाच. म्या पुन्हा वाचलं. सकाळी म्हने, चाल दारव्ह्याले. म्या म्हटलं, देव पावला, आंगठा देते. अर्ज पदरात बांधून घेतला.

पोस्टात लय गर्दी होती. मी भाईर निंबाखाली बसली. खिडकीतला बाबू बाशी लय वेळ बोलत होता, हात हालवून हालवून सांगत होता. मले तिथून काय आयकू येईन? बा नुसता मुंडी हालवे. थोड्या वक्तानं आला तं धोतराच्या सोग्यात नोटा. म्या कपाळावर हात मारला. म्हटलं, 'बा, हे काय केलं? बाबूनं सांगितलं नाही काय तुले?' तं म्हने, 'सांगितलं. चाल.' पूनम, त्याले काहीच समजलं नाही वाटते. खातं हलवा म्हटलं तं यानं उचलूनच घेतलं.

घरी आल्यावर माह्या कणगीतली ज्वारी काढाले लागला. जमनीसाठी म्हने. गोणी भरली, नोटा फडक्यात बांधून मधात खुपसल्या, वरून अजून ज्वारी. म्या म्हटलं, सारीच ने, मी काय खाऊ? तं म्हने, 'सारी कशी नेईन? तळाशी मूठभर राहू दे.' तुले आठवते ना, आपली माय, याडी, बी तसंच करे. भांडं पुरं रिकामं करायचं नाही, आपल्या घरची रीत. आज्यापासून. मूठभर मांगं ठेवली का मानूस तिथं परत येते म्हनत.

तुह्या लग्नातला कोट घातला, पागोटं बांधलं, गोणी खांद्यावर घेतली. या वयात. मी संग येते म्हटलं तं डोळे वटारले. दारव्ह्याहून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून भुसावळ, तिथून इटारसी, असं कोनीतरी त्याले सांगितलं होतं, थे बोटावर म्हनत गेला. मंगळवारी गेला. आज शुक्रवार. मले झोप नाही.

पोचल्याबरोबर तार कर. तार आली का तांड्यात लोकं घाबरतात, पन कर.

रामी

•

जबलपूर
२७ फेब्रुवारी १९५७

बाई,

बा आलेला नाही. तुझं पत्र आज मिळालं, तेव्हापासून स्टेशनावर आहे, हे कार्ड प्लॅटफॉर्मवरच लिहितो. इटारसीकडची प्रत्येक गाडी पाहतो आहे. इटारसीला ऑफिसच्या फोनवरून विचारलं, असा माणूस कोणाला आठवत नाही. पागोटं आणि गोणी म्हटलं की हसतात, म्हणतात अशी निम्मी गाडी असते.

मला पैसे नको आहेत, बाई. ते गेले तर गेले. माझं कोणतं वाक्य त्याला लागलं ते तेवढं सांग. 'माझं काही जात नाही' हे लिहायला नको होतं. जमनी रडते आहे आणि माझ्याशी बोलत नाही. तिचं म्हणणं, तू अर्ज पाठवलास, बापाला बोलावलं नाहीस. खरं आहे. एवढ्या दोन पत्रांत मी त्याला 'ये' म्हणून एकदाही लिहिलं नाही.

तो परत तांड्यात आला असेल तर ताबडतोब कळव.

पूनम

•

तांडा
४ मार्च १९५७

पूनम,

इकडे बी नाही. नायकानं दारव्ह्याच्या ठान्यात वर्दी देल्ली. मी कळंबले चिंतामणीपाशी नारळ बोलली.

तुह्यं कोनतंच वाक्य लागलं नाही. उलट 'कुठं निजन' थे आयकलं तवा त्याच्या डोळ्यात पानी आलतं. म्या तुले मुद्दाम नाही लिव्हलं, त्याले आवडलं नसतं. तू सोताले खाऊ नको. चुलीपुढं बसली का मले बी वाटते का म्या त्याच्या मांगं पळत जा लागत होतं.

टेसन सोडू नको.

रामी

•

जबलपूर
१२ मार्च १९५७

बाई,

तार मिळाली असेलच. बा आला. काल सकाळी आला. मी स्टेशनावर नव्हतोच. इतके दिवस रोज जात होतो आणि काल साहेबानं डांबून ठेवलं. बा पत्ता विचारत विचारत घरापर्यंत आला, दारात गोणी उतरवली आणि जमनीला म्हणाला, 'मोजून घे.' रुपीनं आधी त्याच्याकडे पाहून भोकाड पसरलं. मग त्याच्या मिशा धरल्या आणि नंतर सोडेचना. मी घरी आलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता, ती मांडीवर निजली होती. त्यानं बोटानं मला खुणावलं, आवाज करू नको. दिवाळीनंतर बापलेकांचं हेच पहिलं बोलणं.

इतके दिवस होता कुठं म्हणशील. इटारसीहून तो आमच्याकडच्या गाडीत बसलाच नाही. होशंगाबाद जवळ आहे असं कोणीतरी म्हणालं, तर तिकडे गेला. तिथल्या नर्मदेच्या घाटावर आजाचा तांडा उतरायचा, बैल पाण्यात घालायचे, ते त्याला पाहायचं होतं. घाट सापडला. पाण्यात उतरला, भिजला, आणि ताप भरला. धर्मशाळेत गोणी उशाला घेऊन पडून राहिला. तिथल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं काढा दिला, खिचडी दिली. बानं त्याला बदल्यात ज्वारी देऊ केली नाही, म्हणाला, 'माल माझा नव्हता.' शेवटी त्याचं लाकूड फोडून दिलं.

मी खूप बोललो. एवढे पैसे घेऊन एकटा, त्यात ताप, त्यात अनोळखी मुलूख. तो ऐकत होता. मग म्हणाला, 'पोचलं की नाही?'

आज त्याला घेऊन पोस्टात गेलो. जमनीनं त्याच्या कोटाला गुंडी लावून दिली. खिडकीतल्या बाबूनं नोटा पाहिल्या, दारव्ह्याचं पुस्तक पाहिलं आणि हसून म्हणाला, 'बाबा, इतना बोझ काहे उठाया? वहीं एक कागज भर देते, खाता अपने आप चला आता.' मला बाच्या तोंडाकडे पाहवेना. वाटलं, आता त्याला वाईट वाटणार. आणि बा काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, 'मालूम है. दारव्हा के बाबू ने भी येही बताया था. दो बार.'

बाई, तू निंबाखाली बसली होतीस तेव्हा त्याला सगळं समजलं होतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, 'मग काहून रे बा?' तो पायऱ्यांवर बसला, चंची काढली. बराच वेळ सुपारी कातरत होता. मग म्हणाला, 'त्या मुलखात पाय ठेवनार नाही म्हटलं होतं ना म्या. लोकांपुढं बोललो होतो. कागदानं तुहे पैसे आले असते. मी कसा आलो असतो?' मी म्हटलं, 'मग आता शब्द मोडला का?' तर म्हणाला, 'माल घेऊन निघालेल्या लमाणाले कोनता मुलूख पराया? माल तं पोचवाच लागते.'

मी तिथं पोस्टाच्या पायऱ्यांवर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर रडलो. ऑफिसचे दोघं पाहून गेले. बानं माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि दुसऱ्या हातानं सुपारी पुढं केली.

संध्याकाळी त्याला लखीरामची जागा दाखवली. सगळ्या बाजूंनी फिरला, माती हातात घेऊन चोळली, वास घेतला. म्हणाला, विहीर या कोपऱ्यात खण, आणि दार तिकडून काढ. 'तिकडून' म्हणजे दक्षिणेकडून. आपला तांडा त्या बाजूला आहे, हे तो बोलला नाही.

एक गोष्ट मात्र मला कळलेली नाही. दारव्ह्याचं पुस्तक त्यानं बंद केलं नाही. सगळे काढले, पण दोन रुपये तिथंच ठेवले. मी म्हटलं, बाबूनं विसरून ठेवले असतील, पत्र टाकून मागवतो. बा म्हणाला, 'विसरला नाही कोनी,' आणि रुपीला घेऊन बाहेर गेला. पुन्हा विचारलं तर म्हणतो, रामीले विचार. म्हणून विचारतो आहे.

बा होळी करून निघेल. तूही एकदा येऊन जा. हे आधीच लिहायला पाहिजे होतं. भाकरी रोज होतात, जमनी खूश आहे.

तुझा,
पूनम

•

तांडा, बोरी अरब
३१ मार्च १९५७

चिरंजीव पूनम,

या वक्ती खरंच लिव्हलं.

बा सुखरूप आला. कोट अंगात, रिकामी गोणी खाकेत. तांड्यात सारे जमले, कसं पोचला, काय पाह्यलं. बानं घाट सांगितला, पुजारी सांगितला, रुपीनं मिशा कशा धरल्या थे तीन खेपा सांगितलं. तापाचं नाही सांगितलं. म्या तुह्या पत्रातलं वाचून दावलं तं चिडला.

मी त्याच्यावर तीन दिवस रुसली होती. मले खरं वाटलं होतं का म्हाताऱ्याले काही समजत नाही, अन् मी इकडे नारळ बोलून राह्यली. म्हटलं, मले तरी सांगा लागत होतं. तं म्हने, 'तुले सांगितलं असतं तं तू त्याले लिव्हलं असतं. लिव्हनं शिकली ना आता.' घे. म्हनून मास्तरले म्या सांगितलं, तुमी मले शिकवलं अन् घरात माह्यी पत गेली. चिंतामणीचा नारळ फोडून आली.

तुह्या दोन रुपयाचं सांगते. तू साहेबाच्या ऑफिसात बसतं अन् तुले एवढं समजत नाही? माह्या कणगीत तळाशी मूठभर ज्वारी ठेवून गेला, थे म्या तुले लिव्हलं होतं. पुन्हा वाच.

दारव्ह्याचा बाबू म्हनत होता, खातं बंद करून टाका, दोन रुपयासाठी कायले पुस्तक ठेवता. बा म्हने, बंद नको. माह्या पोराचं नाव हाय त्याच्यावर.

तू मले येऊन जा म्हटलं. येईन. बाची दुसरी खेप होईन तवा संग येईन. तुह्या घराले वरून कवेलू लागतीन, थे कोन आनीन? बानं आताच बैलगाडीचा हिशेब लावाले सुरुवात केली. गाडीनं जबलपूर जाता येत नाही, थे त्याले तूच लिव्ह.

अन् एक सांगाले बानं बजावलं हाय, जसंच्या तसं लिव्ह म्हने. काल पाळन्याची दोरी पाह्यली, पक्की हाय का म्हनून ओढून पाह्यली, अन् मंग म्हने, 'त्याले लिव्ह का दारव्ह्याले दोन रुपयावर व्याज चढून राह्यलं. घ्याले येजो. अन् रुपीले आनजो.'

तुही बाई,
रामी